चौकाखालचा खड्डा

ग्रोनिंगनचे लोक आपल्या मार्टिनी मनोऱ्याला लाडाने ‘ओले ग्रीझे’ म्हणतात. जुना करडा म्हातारा. नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला असलेल्या या विद्यापीठाच्या गावात मान वर केली की बहुतेक गल्ल्यांतून तो दिसतो. सुमारे ९७ मीटर उंच, १४८२ च्या सुमारास पुरा झालेला, पावसापाण्याने काळवंडलेल्या वालुकाश्माचा. त्याच्या पायथ्याशी ग्रोटे मार्क्ट हा गावाचा मोठा चौक, चौकात १८१० चं नगरभवन आणि आठवड्यातून तीन दिवस भरणारा भाजी-मासळीचा बाजार.

एप्रिल १९४५ मध्ये कॅनडाच्या सैन्याने हे गाव घरोघरी लढून सोडवलं, तेव्हा या चौकाच्या उत्तर आणि पूर्व बाजू जळून गेल्या. युद्धानंतर तिथे जे उभं राहिलं ते गावाला कधी फारसं आवडलं नाही. पूर्वेची घरांची रांग मागे सरकवल्याने चौक मोठा झाला, पण त्याचा घट्टपणा गेला. मग पन्नासेक वर्षांनी नगरपालिकेने उत्तर बाजू नव्याने बांधायचा बेत आखला, आणि त्या बेतात चौकाच्या खाली मोटारींसाठी भूमिगत वाहनतळ होता. फेब्रुवारी २००१ मध्ये गावाने त्यावर सार्वमत घेतलं. मत देणाऱ्या पाचांपैकी सुमारे चार जणांनी नको म्हटलं.

हा नकार जुन्या गोष्टींच्या हळवेपणातून आला, असं म्हणून तो बाजूला सारणं सोपं आहे. पण ग्रोनिंगनला मोटारीचा हिशेब आधीपासून पाठ होता. १९ सप्टेंबर १९७७ ला या गावाने एका रात्रीत आपल्या मध्यवस्तीचे चार भाग केले. सायकलवाला एका भागातून दुसऱ्यात सरळ जाऊ शकतो; मोटारवाल्याला मात्र बाहेरच्या वळणरस्त्यावर परत जाऊन तिकडून पुन्हा आत यावं लागतं. दुकानदारांनी त्या वेळी जोरदार विरोध केला, धंदा बुडेल म्हणून. योजना टिकली. आज गावातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या सायकलने होतात. पंचवीस वर्षं ज्या गावाने मोटारीला आडवाटेने फिरवलं, त्याच गावाच्या पोटात मोटारींना घर द्यायचं म्हटल्यावर लोकांनी विचारलं, मग ते सगळं कशासाठी केलं?

अशा वादात ‘वारसा विरुद्ध विकास’ अशी दोन टोकं उभी केली जातात. मला ती मांडणी निरुपयोगी वाटते, कारण तिच्यात मोजता येण्यासारखं काही उरत नाही. वाहनतळ ही फार मोजता येणारी वस्तू आहे, आणि विरोध करणाऱ्याने आधी मोजायला बसावं.

एका मोटारीला उभं राहायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा पुरते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण तिथपर्यंत पोचायला सहा मीटर रुंदीची आतली वाट, वळणं, उतार, जिने, लिफ्ट, हवा खेचणारे पंखे, पंपांच्या खोल्या हे सगळं लागतं. ते धरलं की एका मोटारीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर जातात. चारशे मोटारींचा तळ म्हणजे साधारण अकरा हजार चौरस मीटर. पाच मजले खाली गेलं तर प्रत्येक मजला सव्वादोन हजार चौरस मीटरचा, म्हणजे पंचेचाळीस बाय पन्नास मीटरचा खड्डा. एका मजल्याला तीन मीटर, वर छत आणि त्यावर फरसबंदीखालची माती. सोळा-सतरा मीटर खोली सहज होते. छत्तीस हजार घनमीटर माती निघते. ती खोदल्यावर फुगते, पाव पट तरी वाढते. पंधरा घनमीटरचा डंपर धरला तर जुन्या गावाच्या अरुंद रस्त्यांवरून सुमारे तीन हजार भरलेल्या फेऱ्या, आणि तितक्याच रिकाम्या. खड्डा दाखवणाऱ्या सुबक चित्रात हे डंपर कधीच नसतात.

माती काढणं हा त्यातला सोपा भाग. नेदरलँड्समध्ये जमिनीखाली एक-दोन मीटरवर पाणी लागतं, आणि तिथली खरी झुंज त्या पाण्याशी असते. पाणी उपसून कोरडा खड्डा खणायचा म्हटलं तर आजूबाजूचं भूजल खाली जातं. ते खाली गेलं की चिकणमाती दबते, आणि जुनी घरं लाकडी खुंटांवर उभी असतील तर त्या खुंटांची डोकी उघडी पडतात. पाण्याखाली शतकानुशतकं टिकलेलं लाकूड हवा लागताच कुजायला लागतं. म्हणून तिथे वेगळ्या पद्धतीने खणतात. आधी खड्ड्याच्या चारही बाजूंनी जमिनीत खोल भिंत उतरवतात. एक मीटरच्या आसपास रुंदीची चर खणत जायची, ती ढासळू नये म्हणून बेंटोनाइट मातीच्या दाट काल्याने भरून ठेवायची, मग त्यात लोखंडी पिंजरा सोडायचा आणि तळापासून नळीने काँक्रीट ओतत वर यायचं. काँक्रीट वर येतं तसा काला बाहेर ढकलला जातो. अशी एकेक फळी शेजारी शेजारी ओतून भिंत पुरी होते. मग आतली माती काढायची, पण पाणी तसंच ठेवून, म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहतो. तळ गाठला की तराफ्यावरून खुंट ठोकायचे, पाणबुडे उतरवून पाण्याखाली काँक्रीटचा तळ घालायचा, तो चार आठवडे पक्का होऊ द्यायचा, आणि मगच पाणी उपसायचं.

त्या क्षणी काय होतं ते पाहण्यासारखं आहे. खड्ड्याच्या तळावर पंधरा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब खालून लागतो, दर चौरस मीटरला पंधरा टन. सव्वा मीटर जाडीच्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला तीन टन. बाकीचे बारा टन खुंटांनी ओढून धरायचे. एरवी खुंट इमारतीचं ओझं खाली पोचवतात, इथे ते इमारतीला वर तरंगू न देण्यासाठी असतात. पाच मजले बांधून झाले तरी रिकाम्या तळघराचं वजन पुरत नाही, म्हणून ही ओढाताण वास्तू असेपर्यंत चालू राहते.

आणि चूक बहुतेक वेळा सांध्यात होते. दोन फळ्या जिथे भेटतात तिथे बेंटोनाइटचा काला अडकून राहिला तर काँक्रीटच्या जागी चिखलाचा पट्टा उरतो. आत खोदकाम खाली जातं तसा बाहेरचा दाब वाढतो, चिखल निसटतो आणि छिद्र पडतं. नुसतं पाणी आलं तर निभावतं. पाण्याबरोबर वाळू आली की भिंतीमागे पोकळी तयार होते आणि तिच्यावर जे उभं आहे ते खाली बसतं. अॅमस्टरडॅममध्ये नव्या मेट्रोच्या फाइझलग्राख्त स्थानकाच्या खड्ड्यात २००८ साली हेच घडलं, जूनमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा. सतराव्या शतकातली विणकरांची घरं काही तासांत बसली, दुसऱ्या वेळी वीस सेंटिमीटरहून अधिक. पुढच्या वर्षी, ३ मार्च २००९ ला, जर्मनीतल्या कोलोनमध्ये मेट्रोच्या खड्ड्याच्या भिंतीतल्या दोषामुळे शेजारची जमीन निसटली आणि शहराचं ऐतिहासिक दफ्तरखाना असलेली इमारत कोसळली. दोन माणसं गेली. मध्ययुगापासूनचे कागद ढिगाऱ्याखाली आणि भूजलात सापडले, आणि ते एकेक पान वाळवण्याचं, जोडण्याचं काम वर्षानुवर्षं चालू राहिलं.

या दोन्ही घटना ग्रोनिंगनच्या मतदानानंतरच्या. २००१ साली मत देणाऱ्यांपुढे त्या नव्हत्या. पण मनोऱ्याच्या शेजारी खोल खणू नका, असं म्हणणाऱ्याला भित्रा ठरवण्याआधी त्या आठवाव्यात. ग्रोनिंगन होंट्सरुख नावाच्या हिमयुगीन उंचवट्याच्या टोकावर वसलंय. पश्चिमेकडच्या दलदलीपेक्षा जमीन बरी, पण अशा हिमनदीने आणून टाकलेल्या मातीत दगडगोटे असतात. चर खणताना मोठा दगड आडवा आला की भिंत सरळ उतरत नाही, आणि सांधा तिथेच बिघडायची शक्यता असते.

खोदकामाची भीती लोकांना पटकन कळते, म्हणून विरोधाची पत्रकं तिच्याविषयीच असतात. माझ्या मते मात्र जुन्या गावाचं मोठं नुकसान खड्डा बुजल्यानंतर सुरू होतं.

चारशे जागांचा तळ. एक जागा दिवसातून चारदा रिकामी होऊन भरली, तर सोळाशे मोटारी आत येतात आणि सोळाशे बाहेर जातात. एका रस्त्यावरून दिवसाला बत्तीसशे फेऱ्या. शनिवारी संध्याकाळी एका तासात साडेतीनशे धरा, म्हणजे दर दहा सेकंदांना एक मोटार. सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला धडधाकट माणसाला सहा-सात सेकंद लागतात, म्हाताऱ्याला दहा-बारा. म्हणजे ज्या गल्लीत पोरं मध्यात उभी राहून गप्पा मारायची तिथे आता ओलांडण्यासाठी संधी शोधावी लागते. तळ पूर्ण भरला की दाराशी रांग लागते, एका मोटारीला सहा मीटर. वीस मोटारींची रांग एकशे वीस मीटर, जुन्या गावात एवढ्यात दोन चौक अडतात. याच सोळाशे मोटारींतून मोटारीमागे दीड माणसाच्या हिशेबाने चोवीसशे लोक येतात. साठ जणांच्या चाळीस बस त्यांना आणू शकतात, दिवसाच्या बारा तासांत तासाला चारदेखील नाहीत. हा हिशेब एका कागदाच्या अर्ध्या पानावर मावतो आणि सभेत तो वाचून दाखवला की बोलणं बदलतं.

दुसरं, तोंड. तळ जमिनीखाली असतो, त्याचं तोंड जमिनीवर. उतार शंभराला चौदापेक्षा जास्त असला तर थंडीत चाकं घसरतात आणि मोटारीचा पोटाखालचा भाग घासतो, म्हणून वरच्या आणि खालच्या टोकाला चढ निम्मा करावा लागतो. तीन मीटर खाली उतरायला पंचवीस मीटरहून लांब खाच पाडावी लागते. येण्याची आणि जाण्याची मिळून सहा-सात मीटर रुंद. तिच्याभोवती कठडा, वरती सिग्नल, फाटक. शिवाय जिन्यांची डोकी, लिफ्टचे डबे आणि पंख्यांचे झरोके, जे आगीच्या नियमांमुळे वाटेल तिथे लपवता येत नाहीत. नकाशात या गोष्टी करड्या रेघांनी दाखवतात. प्रत्यक्षात चौकात उभं राहिलं की आधी त्याच दिसतात. आणि छतावर झाड लावायचं तर निदान एक ते दीड मीटर माती हवी. ती टाकली तर तळ तेवढा खोल जातो, खर्च वाढतो, म्हणून शेवटच्या आराखड्यात झाडं कुंड्यांत जातात.

तिसऱ्या गोष्टीकडे फार थोडे लोक पाहतात. भूमिगत तळाचा प्रत्येक पुढचा मजला आधीच्यापेक्षा महाग पडतो, कारण दाब वाढतो, भिंत जाड होते, खुंट वाढतात. हा पैसा भाड्यातून वसूल करायचा असतो, वीस-तीस वर्षं. एकदा कर्ज डोक्यावर आलं की नगरपालिकेलाच तळ भरलेला हवा असतो. मग बस वाढवा, रस्ता पादचाऱ्यांसाठी बंद करा, अशी प्रत्येक मागणी तळाच्या उत्पन्नावर घाला ठरते. चौकाखाली तळ बांधणं म्हणजे पुढच्या पिढीने गावात मोटार आणलीच पाहिजे, असा करार करून ठेवणं आहे. ग्रोनिंगनच्या लोकांनी जे नाकारलं त्यात मला ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

पण नकाराने प्रश्न मिटला नाही. २००५ मध्ये चौकाच्या पूर्व बाजूच्या आराखड्यावर पुन्हा मतदान झालं. या वेळी लोक कमी आले आणि कौल थोड्याशा फरकाने आराखड्याच्या बाजूने पडला. त्यातून मागे हटवलेली घरांची रांग पुन्हा पुढे आणली गेली, आणि तिच्या पाठीमागे फोरम नावाची मोठी सार्वजनिक इमारत उभी राहिली, वाचनालय, चित्रपटगृह, गच्ची असलेली. मध्ये काम थांबवून भूकंपाला टिकेल असा आराखडा नव्याने करावा लागला, कारण या प्रांतात झालेल्या नैसर्गिक वायूच्या उपशामुळे तिथे भूकंप होतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती उघडली. तिच्या पोटात वाहनतळ आहे, सुमारे चारशे मोटारींचा, आणि त्याच्याबरोबर हजारावर सायकलींचा. म्हणजे तळ झालाच. फक्त तो चौकाखाली झाला नाही, त्याचं तोंड चौकात उघडलं नाही, आणि वर गावाला रोज वापरता येईल अशी वास्तू आली. गावाच्या वेशीवर हूगकेर्क, कार्डिंगे, हारेन अशा ठिकाणी मोटार ठेवून बसने आत यायची सोय आहे, तिच्यावरही तितकाच भर आहे. मला वाटतं, २००१ चा नकार नसता तर २०१९ चा होकार इतका विचारपूर्वक आला नसता.

बांधायचाच असेल तर कसा, हे पाहायला लायडनला जावं. तिथे लामरमार्क्टच्या मैदानाखाली, १७४३ च्या ‘द फाल्क’ पवनचक्कीच्या अगदी शेजारी, २०१७ मध्ये ५२५ मोटारींचा तळ उघडला. सात पातळ्या, सुमारे बावीस मीटर खोल, आणि गोल. तो गोलपणा मोठ्या उपयोगाचा आहे. चौकोनी खड्ड्याच्या सपाट भिंतीला आतून टेकू लागतात, किंवा बाहेर शेजाऱ्यांच्या घरांखाली दोर घालून ती मागे ओढून धरावी लागते. गोल भिंतीवर माती सगळीकडून सारखी दाबते, आणि विहिरीच्या कठड्याचे दगड जसे एकमेकांना घट्ट धरून राहतात तशी ती स्वतःलाच पेलते. शेजाऱ्यांच्या पायाला हात लागत नाही. तरीही रस्त्यावर वाढणाऱ्या फेऱ्यांचा हिशेब गोल तळालाही चुकत नाही. रोममध्ये याच्या उलट झालं. पिंचो टेकडीवरच्या, वास्तुकार वालादिएने बांधलेल्या सज्जाखाली सातशेवर मोटारींचा सात मजली तळ ठरला होता. आधीच्या उत्खननात रोमनकालीन अवशेष लागले, विरोध वाढला आणि २००८ मध्ये महापौरांनी बेत मागे घेतला. तो खड्डा खणण्याआधी उत्खनन करायचा नियम होता म्हणून हे कळलं तरी.

आपल्याकडे पुण्याच्या पेठांत जमीन वेगळी आहे. वाळू नाही, काळा पाषाण आहे, त्यामुळे घर गिळणाऱ्या वाळूची भीती कमी. तिथे दोन वेगळ्या गोष्टी पाहायच्या. खडक फोडताना बसणारे हादरे, आणि जमिनीखालचं जुनं पाणी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेला दगडी नळ, त्याचे उच्छ्वास (हवेसाठी ठेवलेली तोंडं) आणि पेठांतले हौद यांचा काही भाग अजून रस्त्यांखाली आहे. तो तोडला की त्यातलं पाणी नव्या तळघरात वाट शोधतं आणि पंप कायमचे चालू राहतात. शनिवारवाड्यासारख्या केंद्र-संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. अंतर वास्तूच्या भिंतीपासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून मोजतात, ही गोष्ट हरकत घेताना उपयोगी पडते. बागेचं किंवा मैदानाचं आरक्षण बदलून वाहनतळ करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली आधी नोटीस काढून महिनाभर हरकती मागवाव्या लागतात. या महिन्यात ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहिलेल्या हजार सह्यांपेक्षा मोजमापं मागणारे दहा अर्ज जड जातात. भूजलाची पातळी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात किती, विंधन किती ठिकाणी आणि किती खोल घेतले, हादऱ्याची मर्यादा किती ठरवली, रस्त्यावरच्या वाहनांची मोजणी कोणत्या वारी आणि किती वाजता केली, तळ होताच रस्त्याकडेच्या किती जागा बंद करणार. शेवटचा प्रश्न विसरू नये. रस्त्यावरची जागा तशीच ठेवून तळ वाढवला तर मोटारींना दोन्हीकडे जागा होते आणि चालणाऱ्याला कुठेच नाही.

आणि काम थांबवता आलं नाही तर पहिला खड्डा पडायच्या आधी शेजारच्या प्रत्येक घराची नोंद व्हायला हवी. जर्मन मानकात जुन्या नाजूक वास्तूंच्या पायाशी, मंद कंपनांसाठी, सेकंदाला तीन मिलिमीटरची हादरा-मर्यादा धरतात. ती करारात लिहून घ्यावी. भिंतींवर मोजणीच्या काचा बसवून दर तासाला त्यांची जागा तपासणारं यंत्र लावावं, आणि किती मिलिमीटरला सूचना द्यायची, किती मिलिमीटरला काम थांबवायचं, हे दोन आकडे आधी ठरवावेत. थांबवण्याचा अधिकार ठेकेदाराकडे नको. घरातल्या प्रत्येक तड्याचा फोटो पट्टी लावून काढावा. मग तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवावी, दोन्ही टोकं नीट पकडतील अशी, म्हणजे तडा वाढला की ती फुटून कळेल, आणि प्लास्टर ओलं असतानाच त्यात खिळ्याने तारीख कोरावी.